मॉन्स्टरच्या डावपेचांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा गट एका रविवाराआड ठाण्यातील नौपाड्यात एका घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा भूमिका-खेळ खेळायला जमतो. ऐरोली, कोपरखैरणे आणि नेरूळ येथील मंडळी ट्रान्स-हार्बरच्या गाडीने येतात, आणि मेगाब्लॉक असला की पहिली लढाई त्यांच्याशिवायच सुरू होते. त्यांच्यापैकी काहींनी पुढे स्वतः डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि सगळे मॉन्स्टर खेळवणारा) होऊन आपापले खेळ सुरू केले. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरणे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतील, म्हणजे २०१४ च्या नियमांतील आहेत, दुसऱ्या पद्धतीने खेळणाऱ्यांनी आकडे बदलून घ्यावेत.

‘राक्षस’ हा चांगला मराठी शब्द असताना ‘मॉन्स्टर’ का म्हणता?

या खेळात ‘राक्षस’ याच नावाचा एक स्वतंत्र मॉन्स्टर आहे, म्हणून. त्याचे डोके वाघाचे असते, हाताचे तळवे उलटे असतात आणि सहाव्या पातळीपर्यंतचे मंत्र त्याच्या मर्जीशिवाय त्याच्यावर चालत नाहीत. एकदा मी लांडग्यांच्या टोळीला सहज बोलण्याच्या ओघात ‘राक्षस’ म्हणालो, तर विझार्ड (मांत्रिक) खेळणाऱ्याने घाबरून सगळे मंत्र राखून ठेवले आणि ती साधी लढाई तासभर रेंगाळली.

डीएमला आधीच इतके सांभाळायचे असते. मॉन्स्टरच्या डावपेचांचा वेगळा विचार कशासाठी करायचा?

मी घेतलेल्या पहिल्याच लढाईत आठ गॉब्लिन (छोटे, लबाड मॉन्स्टर) आरडाओरडा करत झाडीतून बाहेर आले, पार्टीसमोर, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांसमोर, ओळीने उभे राहिले आणि दुसरा राउंड (सर्वांची एकेक पाळी होणारी फेरी) संपायच्या आत मेले. खेळाडूंनी टाळ्या वाजवल्या, पण पुढच्या वेळी गॉब्लिन दिसताच एकाने मोबाइल काढला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती, कारण समोरच्याने काहीही केले नाही तर आपणही विचार करण्याची गरज उरत नाही.

गॉब्लिनचे हिट पॉइंट (मार सोसण्याची ताकद) फक्त ७ असतात, म्हणजे तलवारीचा एक बरा वार बसला की तो संपला. पण नियमपुस्तकाच्या त्याच पानावर असेही लिहिले आहे की प्रत्येक टर्नमध्ये (पाळीत) तो बोनस ॲक्शन, म्हणजे जादा छोटी कृती, वापरून लपू शकतो किंवा समोरच्याच्या हाताखालून वार न खाता सटकू शकतो, आणि त्याच्या छोट्या धनुष्याचा पल्ला ८० फूट आहे. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की गॉब्लिन आपोआप उभा राहतो: तो झाडामागून बाण सोडतो, लगेच पुन्हा दडतो, फायटर (लढवय्या) धावत जवळ आला की निसटतो, आणि त्या वेळात दुसऱ्या झाडामागचे दोघे फायटरच्या पाठीत बाण मारतात. पुढे मी केवळ चार गॉब्लिन असे खेळवले तेव्हा त्याच पार्टीला एकदा माघार घ्यावी लागली.

यावर तोड नाही, असे मात्र अजिबात नाही. लपण्यासाठी आडोसा लागतो आणि बाण सोडला की जागा उघड होते, त्यामुळे झुडपे पेटवणे, गॉब्लिन डोके वर काढेल त्या क्षणासाठी वार राखून ठेवणे, किंवा आपणच आडोशाला जाऊन त्यांना पुढे यायला भाग पाडणे हे सगळे उपाय खेळाडूंना सुचतात. डावपेच चांगला की वाईट हे मी एवढ्यावरूनच ठरवतो: समोरचा काय करतो आहे हे खेळाडूंना दोन राउंडमध्ये ओळखता आले पाहिजे, आणि ओळखल्यावर त्यावर काही करता आले पाहिजे.

स्टॅटब्लॉक (मॉन्स्टरच्या आकड्यांचा तक्ता) वाचून डावपेच नेमके कसे काढायचे?

बहुतेक नवे डीएम आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा), हिट पॉइंट आणि हल्ल्याची ओळ वाचून थांबतात. मी ही तिन्ही सर्वांत शेवटी वाचतो. आधी वेग पाहतो, मग त्याला काय दिसते व ऐकू येते ते, मग बुद्धीचा आकडा, आणि मग नाव दिलेली खास वैशिष्ट्ये. कारण मॉन्स्टर कोठे उभा राहील हे पहिल्या तीन गोष्टींवरून कळते आणि तो तेथे का उभा राहील हे चौथीवरून.

लांडग्याचे घ्या. त्याचा वेग ४० फूट, म्हणजे माणसापेक्षा १० फूट जास्त. आपला जोडीदार सावजाशेजारी असेल तर त्याला ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घेणे) मिळतो, आणि चावा बसलेल्याचा ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह (बचावाचा, ताकदीचा फासा) चुकला तर तो जमिनीवर आडवा होतो. आडव्या पडलेल्यावर जवळून होणाऱ्या सर्वच वारांना ॲडव्हान्टेज असतो आणि उठायला निम्मा वेग खर्च होतो. म्हणून चार लांडगे चार जणांवर विभागून सोडणे ही त्यांची थट्टाच आहे. ते कडेच्या एकट्या माणसाला गाठतील, एक जण पाडेल आणि उरलेले तुटून पडतील.

हॉबगॉब्लिनचे (गॉब्लिनच्या शिस्तबद्ध सैनिकी भाऊबंदाचे) वैशिष्ट्य वरवर असेच दिसते, पण स्वभाव वेगळा निघतो. त्याचा सोबती शत्रूला खेटून असला तर टर्नमध्ये एकदा त्याच्या वाराला दोन षट्कोनी (सहा बाजूंच्या) फाशांचे, सरासरी ७ चे, जादा नुकसान जोडले जाते, आणि त्याचा आर्मर क्लास १८ आहे. लांडग्यासारखे सावजाला घेरण्याची त्याला गरज नाही. ढालीला ढाल लावून रांग धरली की काम होते. मागून लांब धनुष्याने बाण मारणाऱ्यालाही हे जादा नुकसान मिळते, कारण अट शत्रूशेजारी कोणीतरी असण्याची आहे, मारणाऱ्याने स्वतः जवळ असण्याची नाही. हे वाक्य मी तीन वर्षे चुकीचे वाचत होतो.

ज्याची बुद्धी ३ आहे त्याला कसले डावपेच?

लांडग्याची बुद्धी ३ आणि झोंबीचीही ३, पण दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. बिबट्या नकाशा काढत नाही, तरी तो अंधारात, दबक्या पावलांनी, एकट्या पडलेल्या कुत्र्याच्या मागावर येतो आणि माणसांच्या घोळक्यात शिरत नाही. त्याच्या जातीने हजारो वर्षांत जे शिकले आहे, तेवढेच तो अचूक करतो. बुद्धी कमी असलेल्या प्राण्याकडे डावपेच असतात. त्याच्याकडे दुसरा डाव नसतो. त्याचा ठरलेला डाव फसला की तो गोंधळतो किंवा पळतो, नवी युक्ती काढत नाही.

झोंबीला मात्र जगण्याचीही ओढ नाही. तो सर्वांत जवळच्या जिवंत माणसाकडे वेगाच्या २० फुटांनी चालत राहतो, खड्डा असला तर खड्ड्यात पडतो, आणि शून्यावर आल्यावरही नुकसान अधिक ५ एवढ्या आकड्याचा कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह जमला तर १ हिट पॉइंटवर उभा राहतो. त्याची भीती डावपेचांत नसून त्याच्या अभावात आहे, म्हणून झोंबीला कधीही हुशारी करू देऊ नये.

मला खेळाडूंचे सगळे माहीत असते. ते मॉन्स्टरला माहीत आहे असे धरावे का?

नाही. माझ्या मते डीएमच्या सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

टेबलामागे बसल्यावर क्लेरिकचे (जखमा बऱ्या करणाऱ्या पुरोहिताचे) किती हिट पॉइंट उरले, विझार्डने आज कोणते मंत्र तयार केले आणि चोरट्या हालचाली करणारा ‘रोग’ (इंग्रजी rogue, म्हणजे चोराचे पात्र) नेमका कोणत्या खांबामागे आहे, हे सर्व आपल्यासमोर असते. मॉन्स्टरच्या जागी बसून विचार करताना ही माहिती नकळत झिरपते. साधा झगा घातलेल्या अनोळखी बाईवर पहिल्याच टर्नला सहा ऑर्क (रानटी योद्धे) धावून जातात, कारण ती विझार्ड आहे हे आपल्याला माहीत असते. ऑर्कांना ते कसे कळले, असे खेळाडूने विचारले तर आपल्याकडे उत्तर नसते, आणि त्या क्षणापासून खेळाडू ऑर्कांशी न लढता आपल्याशी लढू लागतो.

म्हणून मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. लढाई सुरू होताना मॉन्स्टरला फक्त तेच ठाऊक असते, जे त्या जागी उभ्या असलेल्या, त्याच वयाच्या आणि त्याच अनुभवाच्या कोणालाही दिसले असते: चिलखत कोणाच्या अंगावर आहे, धनुष्य कोणाकडे आहे, कोण पुढे आहे आणि कोण लंगडतो आहे. पहिला अग्निगोळा फुटला की सगळ्यांना विझार्ड कळली. त्यानंतर तिच्यावर धावून जाणे पूर्ण न्याय्य आहे, आणि तेव्हा ते ऑर्क आपापसांत ओरडून सांगतात, म्हणजे खेळाडूंनाही इशारा मिळतो. जमिनीवर पडलेल्या सोबत्याला क्लेरिकने ६० फुटांवरून एका शब्दात उभे केले तर बुद्धिमान शत्रू ते लक्षात ठेवतो. पण एखादा मंत्र चालू ठेवण्यासाठी एकाग्रता लागते आणि मार बसला तर १० किंवा नुकसानाच्या निम्मे, यांतील मोठ्या आकड्याचा सेव्ह करावा लागतो, हे गणित ऑर्कला माहीत नसते. मंत्र म्हणणाऱ्याच्या डोक्यात दगड घातला की मंत्र थांबतो, एवढे फार तर माहीत असते.

याची दुसरी बाजूही विसरू नये. ट्रोल दर टर्नच्या सुरुवातीला १० हिट पॉइंट भरून काढतो आणि आग किंवा आम्ल लागले तर पुढच्या एका टर्नला ते भरून निघत नाहीत. हे खेळाडूंपैकी निम्म्यांना पाठ असते, पण खुद्द ट्रोलला ते त्यांच्याहून चांगले माहीत असणार, कारण तो आयुष्यभर त्या शरीरात राहिला आहे. तेव्हा हातात मशाल असलेल्या माणसावर तो आधी झेपावेल, आणि तो मशालवाला पार्टीतला सर्वांत दुबळा असला तरी त्यात अन्याय काही नाही.

मग नेमका कोणावर हल्ला करायचा? एकाच खेळाडूला लक्ष्य केले तर तो नाराज होतो.

वार करण्यापूर्वी कारण मोठ्याने बोलून दाखवावे. “तू त्याच्या भावाला मारलेस, म्हणून तो तुझ्याकडे वळतो” किंवा “सर्वांत जवळ तूच आहेस” असे म्हटले की खेळाडूला मार बसतो, पण डीएमने आपल्याला वेचून काढले असे वाटत नाही. सांगण्याजोगे कारण सापडत नसेल तर लक्ष्य चुकले आहे असे समजावे. दोन कारणे सारखीच पटत असतील तेव्हा मी सरळ फासा टाकतो, आणि तोही सर्वांसमोर.

आमच्याकडे एक सातवीतली मुलगीही खेळते. तिच्या पात्राला मी सूट देत नाही, कारण ते सर्वांत आधी तीच ओळखेल आणि दुखावेल. तिच्या लढाईतले शत्रू मात्र कैद करणारे निवडतो, ठार मारणारे नव्हे.

बेशुद्ध पडलेल्या पात्रावर वार करावा का?

आधी नियमांचा हिशेब पाहू. शून्य हिट पॉइंटवर आलेले पात्र दर टर्नला डेथ सेव्ह (जगणे-मरणे ठरवणारा फासा) टाकते. तीन अपयशे झाली की ते मरते. बेशुद्ध माणसावर ५ फुटांच्या आतून वार लागला तर तो आपोआप क्रिटिकल (जबर वार) ठरतो, आणि क्रिटिकल म्हणजे एकदम दोन अपयशे. याचा अर्थ, दोन वार करू शकणारा शत्रू पडलेल्या पात्राला एका टर्नमध्ये संपवू शकतो.

एवढा जड परिणाम असल्यामुळे मी तो मॉन्स्टरच्या हेतूवर सोडतो. वाटमाऱ्याला पैसे हवे असतात. पडलेल्याला मारण्यात त्याचा वेळ जातो आणि उभे असलेले तिघे त्याच्यावर येतात. लांडगा भुकेला असेल तर तो पडलेल्याला ओढून न्यायला पाहील, आणि हे मला सर्वांत आवडते, कारण ओढताना त्याचा वेग निम्मा होतो आणि पार्टीला पाठलाग करायला दोन-तीन राउंड मिळतात. घूल तर प्रेतेच खाणारा; मात्र त्याच्यापुढे अजून उभे शत्रू असतील तर तो आधी नखांनी त्यांना लुळे करेल. जाणूनबुजून पडलेल्याचा गळा चिरणारे फार थोडे असतात: भाडोत्री मारेकरी, सूडाने पेटलेले, आणि क्लेरिकने दोनदा मेलेल्यातून उठवलेले पाहून शहाणे झालेले. असा शत्रू आणणार असाल तर त्याची ख्याती आधीच्या सेशनमध्ये गावकऱ्यांच्या तोंडी घालावी. लढाईच्या मध्यावर ही गोष्ट पहिल्यांदा कळणे वाईट.

मॉन्स्टर शेवटपर्यंत का लढतात? त्यांनी केव्हा पळावे?

आपण पळवत नाही म्हणून ते लढतात. या खेळाच्या १९८१ च्या प्राथमिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२ असा धैर्याचा आकडा दिलेला असे. आपल्या बाजूचा पहिला जीव गेला की एकदा आणि निम्मे गारद झाले की पुन्हा एकदा, दोन षट्कोनी फासे टाकायचे. बेरीज धैर्याच्या आकड्यापेक्षा जास्त आली की त्यांनी माघार घ्यायची किंवा शरण जायचे. धैर्य ७ असेल तर ३६ पैकी १५ वेळा, म्हणजे दर पाच वेळांत साधारण दोनदा ते मोडतात. मी हाच जुना नियम अजून वापरतो. त्यामुळे लढाया आपोआप आटोपशीर होतात आणि कोण मोडेल हे मलाही आधी माहीत नसते.

पळण्यात एक तांत्रिक अडचण आहे. शत्रूच्या हाताच्या टप्प्यातून बाहेर पडताना रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) वापरून त्याला एक फुकट वार करता येतो, त्यामुळे ३ हिट पॉइंट उरल्यावर पळणारा बहुधा पहिल्याच पावलाला मरतो आणि खेळाडूंना तो पळत होता हे कळतही नाही. म्हणून पळणे निम्मे हिट पॉइंट शिल्लक असतानाच सुरू करावे. एकाने ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्च करून सावधपणे मागे सरावे, दुसऱ्याने मागून बाण मारत त्याला वाट द्यावी, आणि पुढाऱ्याने ओरडून हुकूम द्यावा, म्हणजे टेबलावर सर्वांना समजेल.

शरणागतीचा विचार तर आपल्याकडे फारच कमी होतो. खोपोलीजवळची उंबरखिंड आमच्या नव्या मुंबईच्या खेळाडूंना दूर नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये शाइस्तेखानाने धाडलेला कारतलबखान फौजेसह त्या अरुंद, झाडीच्या वाटेत उतरला, आणि शिवाजी महाराजांनी त्याची पुढची व मागची दोन्ही तोंडे बंद केली. खानाने सामानसुमान आणि खजिना मागे ठेवून जीव वाचवण्याचा मार्ग घेतला आणि त्याला जाऊ देण्यात आले. जिंकणाऱ्याला हवे ते मिळाले आणि हरणारा कापला न जाता परत गेला. आपल्या हॉबगॉब्लिन सरदाराला खंडणी हवी असेल तर पार्टी कोंडीत सापडल्यावर त्याने तीच मागावी. पार्टी संपवण्याची वेळ आली असता बोलणी सुरू करणारा शत्रू खेळाडूंच्या वर्षानुवर्षे लक्षात राहतो. आणि खेळाडू देतील ती तलवार पुढच्या सेशनमध्ये त्याच्याच कमरेला दिसली पाहिजे.

जागेचा उपयोग कसा करून घ्यायचा? आमच्या लढाया रिकाम्या चौकोनात होतात.

संध्याकाळी सात वाजता ठाणे स्थानकाचा पादचारी पूल उतरून पाहावा. मागे पाचशे माणसे असोत, जिन्याच्या पायरीवर एका वेळी मावतात तेवढीच उतरतात. ज्याची संख्या कमी आहे त्याने अशा जिन्याच्या तोंडाशी उभे राहावे आणि ज्याची जास्त आहे त्याने समोरच्याला मैदानात ओढावे. मॉन्स्टरच्या बाबतीतही याहून वेगळे काही नाही.

कोबोल्ड हा ठेंगणा मॉन्स्टर याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचे हिट पॉइंट ५ आणि उन्हात त्याचे डोळे दिपतात, म्हणून तो बोगद्यात राहतो. त्याचा बोगदा त्याच्या उंचीचा असावा, म्हणजे चिलखती फायटरला वाकून, एकामागे एक असे जावे लागेल, आणि भिंतीतल्या फटींतून दोन्ही बाजूंनी भाले येतील. १९८७ साली एका अमेरिकी मासिकाच्या संपादकीयात एका डीएमच्या अशा कोबोल्डांची हकीकत छापून आली होती. त्यांनी आग, अडथळे आणि अरुंद वाटा वापरून बलाढ्य पार्टीला अक्षरशः पळवून लावले होते, आणि आजही जुने खेळाडू त्यांचे नाव काढतात.

आकड्यांत सांगायचे तर अर्धा आडोसा आर्मर क्लासमध्ये २ वाढवतो आणि पाऊण आडोसा ५. उलटलेल्या टेबलामागचा गॉब्लिन १५ वरून १७ वर जातो. प्रत्येक लढाईच्या नकाशात मी एक आडोसा, एक उंच जागा आणि एक अशी वस्तू ठेवतो जिचा उपयोग दोन्ही बाजूंना करता येईल, उदाहरणार्थ तेलाचे पिंप किंवा दोरीचा पूल. पहिल्या राउंडमध्ये मॉन्स्टरने ती वापरली तर दुसऱ्या राउंडमध्ये खेळाडू वापरतात.

दबा धरण्याविषयी एवढेच, की २०१४ च्या नियमांत अचानक गाठलेल्याचा पहिला टर्न पूर्ण वाया जातो, तर २०२४ च्या नियमांत त्याला फक्त इनिशिएटिव्हच्या (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या) फाशावर डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून लहान घेणे) मिळतो. जुन्या नियमांत दबा धरणे वारंवार करू नये.

एकटा मोठा मॉन्स्टर आणला की तो दोन राउंडमध्ये मरतो. काय चुकते?

पाच खेळाडूंच्या पाच ॲक्शन होतात तेव्हा त्याची एक होते. ही तूट हिट पॉइंट वाढवून भरत नाही. त्याने लढाई केवळ लांबते. प्रौढ ड्रॅगनला इतरांच्या टर्नच्या शेवटी वापरायच्या तीन लिजेंडरी ॲक्शन दिलेल्या असतात, त्या याचसाठी, आणि त्या न विसरता वापराव्यात. ज्यांना त्या नाहीत त्यांना चार-सहा किरकोळ सोबती द्यावेत.

ड्रॅगनची दुसरी चूक म्हणजे तो जमिनीवर उतरतो. ८० फूट वेगाने उडणाऱ्याने फायटरच्या तलवारीसमोर येऊन बसण्याचे कारण काय? त्याने घिरटी घालून फूत्कार टाकावा आणि दूर जावे. फूत्कार एकदा टाकल्यावर दर टर्नला षट्कोनी फाशावर ५ किंवा ६ पडले तरच परत मिळतो, म्हणजे तीनात एकदा. सलग तीन टर्न तो न मिळण्याची शक्यता २७ पैकी ८, म्हणजे जवळजवळ ३० टक्के आहे. त्या रिकाम्या टर्नमध्ये ड्रॅगन काय करेल हे आधी ठरवून ठेवावे: कोणाला उचलून वरून सोडणे, छप्पर पाडणे, किंवा टप्प्याबाहेर थांबून धमकावणे.

येथे हिशेब मात्र जरूर करावा. तरुण लाल ड्रॅगनचा फूत्कार १६ षट्कोनी फाशांचा, म्हणजे सरासरी ५६ चा. पाचव्या पातळीच्या, कॉन्स्टिट्यूशनची भर नसलेल्या विझार्डचे हिट पॉइंट सरासरीने २२ होतात. सेव्ह चुकला तर शून्यावर येऊनही ३४ नुकसान उरते, ते कमाल हिट पॉइंटपेक्षा जास्त आहे, आणि नियमानुसार असे पात्र डेथ सेव्हशिवाय जागीच मरते. मी हा हिशेब न करता एकदा ड्रॅगन आणला होता. सेशन साडेचारला संपले आणि त्या खेळाडूने वाशीपर्यंतच्या गाडीत माझ्याशी एक शब्द काढला नाही.

आपल्याकडची भुतेखेते या खेळात आणता येतील का?

अवश्य, आणि त्यांचे डावपेच लोककथांनी आयतेच दिलेले आहेत. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच त्या जागेभोवती फिरत राहतो. त्याने वार करूच नये. पार्टीची फाटाफूट करणे हे त्याचे सगळे शस्त्र. आकडे हवे असतील तर विल-ओ-विस्पचे घ्यावेत, जो अदृश्य होतो, ५० फूट वेगाने तरंगतो आणि शून्यावर पडलेल्याचा उरलासुरला प्राण ओढून घेतो.

कोकणातला गिऱ्हा पाण्यात राहतो आणि काठावरच्याला आत ओढतो. तो काठावर लढत नाही. धरून ठेवलेल्याला निम्म्या वेगाने खोल पाण्यात नेणे एवढेच त्याचे काम. दम धरण्याचा नियम एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनची भर एवढी मिनिटे असा उदार आहे, म्हणून बुडण्यापेक्षा अंतराची भीती घालावी: दर राउंडला काठ किती लांब गेला ते सांगत राहावे. मुंजा पिंपळ सोडून जात नाही, त्यामुळे त्याची लढाई झाडाच्या सावलीपुरती ठेवावी आणि पळून जाणाऱ्याचा पाठलाग नको.

वेताळाला मात्र मी मॉन्स्टर करत नाही. कोकणात आणि गोव्यात अनेक गावांचा तो रक्षक देव आहे, आणि आमच्या टेबलाभोवतीच अशा गावांची दोन माणसे बसतात.

पडद्यामागे फासे बदलावेत का?

नाही. शत्रूचा हेतू बदलावा: त्याला अचानक घाई होऊ द्यावी, त्याचा सोबती जखमी होऊ द्यावा, त्याने कैदी घेऊ द्यावेत. पडलेला फासा पडला.

इतका विचार करायचा तर लढाई फार हळू चालेल.

विचार लढाईत करायचाच नसतो. सेशनच्या आदल्या रात्री प्रत्येक मॉन्स्टरसाठी मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन-चार वाक्ये लिहितो आणि टेबलावर केवळ ती पाहतो. एकाच जातीच्या सर्व मॉन्स्टरना एकच इनिशिएटिव्ह देतो, त्यांचे हल्ल्याचे फासे एकदम टाकतो आणि नुकसानासाठी स्टॅटब्लॉकमध्ये छापलेली सरासरी घेतो.

नमुन्यादाखल गेल्या वेळच्या हॉबगॉब्लिन गस्तीचा कागद असा होता: “सहा जण. खिंडीतला जकात-नाका राखायचा आहे, मरायचे नाही. आधी हटकतात, मग चार जण ढाली जोडतात, दोघे कड्यावरून धनुष्य चालवतात. झगेवाल्याने मंत्र टाकला तर धनुष्ये त्याच्याकडे. दोघे पडले की शिंग वाजवून मागच्या बुरुजाकडे, ढाली शत्रूकडे ठेवूनच. नाईकाला मराठी येते. पैसे दाखवले तर बोलेल.” खेळाडूंनी पैसे दाखवले नाहीत, शिंग वाजले, आणि पुढच्या रविवारी बुरुजापासून सुरुवात आहे.